ताई, तुझी आणेवारी

ताई,

फोन दत्तूचा होता. "सोपानभाऊ का?" त्यानं विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत म्हणाला, "ताई गेली. काल सांजच्याला." मी म्हणालो, "बरं." मग काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून विचारलं, "जेवलात का तुमी?" तो म्हणाला, "न्हाई अजून." मी म्हणालो, "जेवून घ्या." आणि फोन ठेवला. शेडमध्ये काचेपलीकडे टेस्टिंगचं इंजिन चालू होतं. पडद्यावर पुढचा पॉइंट लागला, आवाज एक पट्टी वर चढला, आणि मी सवयीनं तेलाच्या प्रेशरकडे बघितलं. प्रेशर बरोबर होतं.

बहीण गेल्याचं सांगणाऱ्या भावाला जेवलात का विचारणारा माणूस मी. तू असतीस तर आठवडाभर पुरवून पुरवून हसली असतीस.

त्याला आता आठवडा होत आला. मला रडू आलेलं नाही. जेवण जातं, झोप लागते. इथला माझा जोडीदार सेल्वम रोज सकाळी विचारतो, "सोपानजी, ठीक है?" मी म्हणतो, ठीक है. आणि खरंच ठीक वाटतं, त्याचीच भीती वाटते. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो ना, तसं झालंय. गाल आपलाच असतो, पण चावला गेला तरी कळत नाही.

आज सकाळी दत्तूचा परत फोन आला. म्हणाला, "परवा दहावा हाय, आळ्यातच. तुमाला मद्रासवरनं लांब पडतं, ठावं हाय. न्हाई जमलं तर चार शब्द लिवून पाठवा. आळेफाट्याच्या झेरॉक्सवाल्याकडं फॅक्स हाय. कोणतरी वाचून दाखवंल. ताई तुमचं नाव लई घ्यायची." म्हणून हे लिहायला बसलोय. दहाव्याला कसं बोलतात ते मला माहीत आहे. माइकवर एकेक जण येतो, पोकळी निर्माण झाली म्हणतो, आणि खाली बसून शेजारच्याला कांद्याचा भाव विचारतो. तू कुठं शिकलीस, किती मोठ्या हुद्द्यावर पोचलीस, ते ही मंडळी सांगतीलच. मला तसलं येत नाही. मी आपला तुझ्याशी बोलतो. कोणाला ऐकायचं असेल तर ऐकू दे.

सुरुवातीला तू मॅडम होतीस. पुण्यातल्या त्या इंजिन टेस्टिंगच्या शेडमध्ये मी कंत्राटावर लागलो होतो. नववीत शाळा सुटलेली, मंचरच्या गॅरेजात डिझेल पंप खोलून-जोडून शिकलेलो, एवढंच माझं भांडवल. तू काचेमागच्या खोलीत बसायचीस, साहेबांशी इंग्रजीत बोलायचीस, आणि आम्ही तुझ्या टेबलाजवळून जाताना बुटांचा आवाज होऊ द्यायचो नाही. एक दिवस दुपारी तुझ्या टेबलावरचा फोन वाजला. मी तिथंच वायर ओढत होतो. तू फोन उचललास आणि एकदम म्हणालीस, "आगं आई, आमी जेवलो कवाच. न्हाई, डबा न्हाई उरला. आगं लई गरम व्हतंय हितं, इंजिनाशेजारी बसलेय नव्हं का!"

माझा हात वायरीवरच राहिला. तू फोन ठेवल्यावर मी धीर करून विचारलं, "मॅडम, गाव कुठलं?"

"आळे. तुमचं?"

"महाळुंगे पडवळ. माजी आत्या आळ्यात दिलीय."

"मग तुमी आमच्या गावचं पावणं की वो!" तू म्हणालीस, इतक्या मोठ्यानं की शेडमधल्या सगळ्यांनी वळून बघितलं. त्या दिवसापासून मी पावणं झालो. मॅडम म्हणायचं साहेबांसमोर, एरवी ताई, आणि अहो-जाहो केलं तर उत्तर देणार नाही, हेही तूच बजावलंस. मला जमायला बरेच दिवस लागले. पहिल्यांदा 'तू' म्हणालो तेव्हा मी भिंतीकडे बघून म्हणालो होतो.

आपलं काम काय होतं ते इथं सांगून टाकतो, कारण दहाव्याला सगळे शेतकरीच असणार आणि तुझ्या आईलासुद्धा ते कधी नीट कळलं नाही. नव्या गाडीच्या इंजिनाला एक छोटा कॉम्प्युटर असतो. डिझेल किती टाकायचं, किती आधी टाकायचं, हे त्याला आपोआप सुचत नाही. त्याच्या पोटात तक्ते असतात. इतका वेग आणि इतकं ओझं असेल तर इतकं, असं घराघरात लिहिलेलं. ती घरं भरून देणं हे तुझं काम. घर चुकीचं भरलं तर गाडी धूर ओकते, नाहीतर चढाला मरते, नाहीतर नुसतं डिझेल पिते. भरायचं कसं, तर इंजिन शेडमध्ये जखडून त्या वेगाला, त्या ओझ्याला चालवायचं, त्याला आम्ही पॉइंट म्हणतो, ते स्थिर व्हायची वाट बघायची, आणि मग आकडे घ्यायचे. वाट बघायचं काम आमचं.

एकदा तू आम्हा सगळ्या ऑपरेटरांना उभं करून विचारलंस, "स्थिर झालं हे तुमी वळखता कसं?" आमच्यात सगळ्यांत जुने गोविंदमामा. ते म्हणाले, "एक चहा व्हईस्तोवर थांबायचं." तू विचारलंस, "कपातला का बशीतला?" सगळे हसले. मग माझ्याकडे वळलीस. मी म्हणालो, "वाफसा आला की घेतो."

पुन्हा सगळे हसले. तू हसली नाहीस. पाणी दिल्यावर रानात लगेच औत घालता येत नाही, फार वाळलं तरी घालता येत नाही, मधे एक वेळ येते जेव्हा ते ना ओलं ना कोरडं असतं. हे तुला समजावून सांगावं लागलं नाही. तू नुसती मान हलवलीस आणि निघून गेलीस. मला वाटलं, झालं, जिंकलो.

पुढच्या आठवड्यात तू मला पडद्यासमोर बसवलंस. दोन रेघा होत्या. एक सपाट झालेली, एक अजून हळूहळू चढणारी. "हा बघा तुमचा वाफसा, पावणं. पाण्याचं टेंपरेचर थांबलं म्हणून तुमी आकडा घेतला. आन् हे टर्बोचं लोखंड बघा, अजून तापतंयच. वरनं सुकलंय, खाली चिखल." मी बघत राहिलो. शाळेत माझं चुकलं की पाठीत बसायची, गॅरेजात चुकलं की आईचा उद्धार व्हायचा. चुकलं म्हणजे नेमकं काय चुकलं ते मला कोणी दाखवलं नव्हतं. तू बोट ठेवून दाखवलंस, आणि म्हणालीस, "ढेकूळ फोडून बघायचं की वो!" रेघ वाचायला मी त्या दुपारी शिकलो. आज माझं घर त्या एका गोष्टीवर चालतं.

तू मग प्रोग्रॅममध्ये तेच घातलंस. सगळ्या रेघा सपाट झाल्या की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत हिरव्या रंगात 'वाफसा' असं यायचं. मोठ्या साहेबांनी विचारलं, हे कशाचं लघुरूप? तू पापणी न लवता पाच शब्दांचं इंग्रजी नाव ठोकून दिलंस, आणि साहेबांनी ते रिपोर्टात लिहिलं. गोविंदमामा बाहेर जाऊन इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते अजून तसंच आहे, ताई. इथं सेल्वम त्याला 'वाप्सा' म्हणतो. त्याला वाटतं कुठल्यातरी जर्मन माणसाचं नाव असेल.

पुढे इंजिनं बदलली. आधी एक टायमिंग बघितलं की काम व्हायचं. आता प्रेशर वेगळं, एकाच फेऱ्यात डिझेल दोनदा-तीनदा टाकायचं, धुरातला काही भाग परत आत फिरवायचा. एक खुंटी पिळली की बाकीच्या सगळ्या हलायच्या. गोविंदमामा म्हणाले, "सगळी घरं मोजायची तर माजी नातवंडं बी हितंच बसतील." तेव्हा तू म्हणालीस, "सगळी न्हाई मोजायची. थोडीच मोजायची, इकडंतिकडं विखुरलेली. त्यावरनं मॉडेल बनवायचं. न मोजलेल्या ठिकाणी काय व्हईल ते मॉडेल सांगंल."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "म्हंजी आणेवारीच की!"

शेडमध्ये असा हशा त्याआधी झाला नव्हता. आणेवारी म्हणजे काय ते आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत. सरकारी माणूस येणार, दोन-चार तुकड्यांतलं पीक कापून तोलणार, आणि त्यावरून सगळ्या गावाचं पीक किती ते ठरवणार. खोटं म्हणायची लाज वाटली की आपल्याकडे आणेवारी म्हणतात. तुझा चेहरा लाल झाला. पुढचे दोन दिवस मी पावणं नव्हतो, नुसता सोपान होतो. "सोपान, फिल्टर बदला." "सोपान, दार लावा." मला जेवण गेलं नाही. तुला माहीतच आहे, मी कशानंही घाबरतो.

तिसऱ्या सकाळी तू आलीस, पर्ससुद्धा ठेवली नाहीस, सरळ माझ्यासमोर उभी राहिलीस. "आणेवारी खोटी का असती?"

मी म्हणालो, "तलाठी रस्त्याकडंचं रान बघतो म्हणून. जिथं चहा मिळतो तिथलं."

"मग? मी रस्त्याकडंचं बघते का? मी आधी ठरवते. माळाचं एक, पाणथळ एक, बांधाकडंचं एक, मधलं एक. सोपं तेवढंच बघून उठत न्हाई मी." मग तुझा आवाज खाली आला. "आमच्या वडलांनी त्या आणेवारीवाल्याला हाताला धरून आमच्या माळाच्या तुकड्याकडं न्यायला बघितलं व्हतं. बाजरी करपून गेलेली. त्यो आला न्हाई. म्हणला, बुटाला चिखल लागंल. मी तिथंच उभी व्हते. बुटाला चिखल लागंल तिथलं आधी मोजायचं, एवढं मी तवा शिकले. बाकीचं कालेजात."

मी म्हणालो, "ताई, चहा आणू का?" तू म्हणालीस, "आणा. बशीतला."

आणि मग तू मला आव्हान दिलंस. न मोजलेलं कुठलंही ठिकाण मी सांगायचं, मॉडेल आकडा सांगेल, आणि आपण इंजिन तिथं नेऊन बघायचं. मी मुद्दाम वाकडं ठिकाण निवडलं. कमी वेग, जास्त ओझं, जिथं इंजिन कुरकुरतं. आकडा जवळजवळ बरोबर आला. मी म्हणालो, "एकदा लागलं." दुसरं ठिकाण पार कडेचं दिलं. तिथं मॉडेल साफ आपटलं, धुराचा काटा भलतीकडेच. मी तुझ्याकडे बघायला घाबरत होतो, आणि तू टाळ्या वाजवल्यास! "चुकलं! बघ, चुकलं!"

"हरलीस तरी हसतीस?"

"आरं, माळ कुटं हाय ते सापडलं ना! आता तिथलं मोजू." आणि तू तिथले आणखी पॉइंट घातलेस. त्या दिवशी एक सांगितलंस, ते मी कधी विसरलो नाही. "मोजलेल्या रानाच्या बांधाच्या आत मॉडेलला काय बी विचार. बांधाच्या पलीकडचं विचारू नको. तिथं ते काय बी सांगतं, आन् लई ठामपणे सांगतं."

आपलं भांडण मिटलं असं नाही. तुझ्या फायलींना तू 'आणे एक', 'आणे दोन' अशी नावं दिलीस, मला चिडवायला. मी नंतर इतक्या लांबून फोन केला तरी आधी विचारायचो, "काय म्हणती आणेवारी?" तू म्हणायचीस, "सोळा आणे." मला अजूनही ते पूर्ण पटलेलं नाही, ताई. न मोजलेलं ते न मोजलेलंच. हे तुला एकदा नीट सांगायचं राहिलं.

मग जावई आला.

जावई हे नाव गोविंदमामांनी ठेवलं. नवं ऑटोमॅटिक यंत्र. त्याला एसीची खोली, त्याच्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही, त्याला धूळ सोसत नाही, आणि जरा मनाविरुद्ध झालं की सगळं बंद करून बसणार. "जावई रुसला," असं शेडभर व्हायचं. पण जावई रुसायचा थांबला. पॉइंट स्वतः लावू लागला, स्वतः वाट बघू लागला, वाफसा आला की स्वतः आकडा घेऊन पुढच्या पॉइंटवर जाऊ लागला. मॉडेल कुठं कच्चं आहे ते ओळखून तिथं आणखी मोजू लागला. धूर किंवा टेंपरेचर हद्दीजवळ गेलं की दबकत दबकत जायचा, आणि ओलांडायच्या आत मागे फिरायचा. हे दबकणं तू त्याला कितीतरी आठवडे शिकवत होतीस. मी शेजारी बसून हद्दी सांगत होतो. माझ्याच हातानं मी माझं काम त्याच्या ताटात वाढत होतो, असं मला वाटायचं.

गोविंदमामा रिटायर झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. दोघांना कंत्राटदारानं काम नाही म्हणून परत बोलावलं. मी रोज सकाळी आधी हजेरीच्या यादीत माझं नाव आहे का ते बघायचो. नववीतून सुटलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार? एक दिवस कँटीनमध्ये मी तुला म्हणालो, "वाफसा माजा, आन् पगार त्याला?"

"त्याला पगार न्हाई."

"त्येच तर!"

तू हसलीस. मी हसलो नाही. मग तूही थांबलीस आणि म्हणालीस, "सोपान, तू नसलास तरी हे चाललं पायजे. म्हणून तर करतेय सगळं."

मी ताट तसंच ठेवून उठलो.

पुढच्या महिन्यात साहेबांनी बोलावून सांगितलं, चेन्नईच्या बाहेर नवी शेड उभी राहतेय, तिथं हीच सिस्टीम बसणार आहे, मॅडमनी तुझं नाव दिलंय, तिथं पर्मनंट होशील. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती देवापुढं साखर ठेवायला उठली. मी ओट्यावर बसून विचार करत होतो की ताईनं गोड बोलून लांब धाडलं. सांभाळलं का धाडलं, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि इतकी वर्षं मी तुला विचारलंही नाही. पण गावाकडं घरावर स्लॅब टाकला तो त्यामुळे. माझी पोरगी अकरावीला सायन्सला आहे, ती त्यामुळे. हे मी तुला तोंडावर कधी म्हणालो नाही. आपल्याकडे कोण म्हणतं? आभार परक्याचे मानतात.

इथं आल्यावर तू दर खेपेला फोनवर एकच लावायचीस. "सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरनं दहावीला बस."

"आता ह्या वयात?"

"मग? पोरीच्या पुस्तकांवर करशील की अभ्यास."

"आन् नापास झालो तर?"

"तर कळंल ना कुटं कच्चं हाय ते. तिथलं परत कर." मी विषय बदलायचो. इथल्या जेवणाचं सांगायचो, भाकरीची आठवण काढायचो. तू ऐकून घ्यायचीस.

शेवटचा फोन तुझाच होता. आवाज खोल गेलेला. मी म्हणालो, "बसलाय व्हय आवाज?" तू म्हणालीस, "सर्दी हाय." आता दत्तू सांगतो की तेव्हा दवाखान्याची दुसरी फेरी होऊन गेली होती.

तू विचारलंस, "गावाला कवा येतोयस?"

"हा टेस्टिंगचा रन संपला की."

"मागल्या टायमाला बी हेच म्हणला व्हतास."

"त्यो संपला, हा लागला. सोडून कसं येणार? एखादी पाण्याची होज फुटली, बेल्ट गेला..."

"गेला तर बंद करंल ते. मी केलंय, मला ठावं हाय. तुज्याशिवाय चालंल, सोपान."

मला ते लागलं. मी म्हणालो, "चालणारच की. तूच केलंयस तसं." तू म्हणालीस, "आत्याकडं येतोस आन् आमच्या दारावरनं तसाच जातोस. एकदा ये. आई मासवड्या करंल." मी म्हणालो, "येतो." तू फोन ठेवलास.

या आठवड्यात मी ते बोलणं पुन्हा पुन्हा लावून बघतोय. तुला माहीत होतं का? माहीत असून सर्दी म्हणालीस का? मी अजून एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतंस का? तुझ्याबद्दल मी मोजलेलं म्हणजे शेडमधलं तेवढंच. घरी तू कशी होतीस, कशाला रडायचीस, लग्न का केलं नाहीस, मला काही ठाऊक नाही. जे ठाऊक आहे त्यावरून बाकीचं भरायला बघतो, आणि मन उत्तरं देतं, लई ठामपणे देतं. तूच सांगितलं होतंस की बांधाच्या पलीकडचं विचारायचं नाही. म्हणून विचारणं थांबवतो. थांबवलं की परत ते दाताच्या सुईसारखं होतं. काही लागत नाही.

इथपर्यंत लिहून झालं तेव्हा सेल्वम डबा घेऊन आला. इतका वेळ काय लिहिताय, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, पुण्याच्या मॅडम वारल्या, परवा त्यांचं कार्य आहे, त्यासाठी लिहितोय. त्यानं डबा खाली ठेवला.

"तो आप जाओ ना. इधर क्यों बैठा है?"

"रन चालू है."

"रन तो चलेगा."

मी त्याला सांगायला लागलो. कूलिंगची जुनी होज, परवा बदललेला फिल्टर, बेल्टचा आवाज. तो ऐकत राहिला, आणि भाताचा गोळा करता करता म्हणाला, "बेल्ट टूटेगा तो बंद करेगा. मैडम ने बनाया ना?"

त्यानं तुला कधी बघितलेलं नाही, ताई. तुझा आवाजही ऐकलेला नाही. त्याला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. तो जेवत राहिला.

मी कागद घेऊन बाहेर आलो. गेटजवळ बाक आहे, तिथं बसलोय. इतकी वर्षं मी इंजिन चालू असताना इथं कधी बसलो नव्हतो. जेवायला गेलो तरी दोन घास कोंबून परत यायचो. भिंतीतून आवाज येतोय. मघाशी तो उतरला, बराच वेळ एका सुरात राहिला, मग चढला. म्हणजे पॉइंट लागला, वाट बघून झाली, आकडा घेतला, पुढं गेला. मी तिथं नव्हतो. त्याला काही फरक पडला नाही. मी अंग आवळून वाट बघत होतो की आता लागेल, आता वाईट वाटेल. वाटलं नाही. खांदे खाली आले तेवढे.

तुज्याशिवाय चालंल. कँटीनमध्ये म्हणालीस, शेवटच्या फोनवर म्हणालीस. दोन्ही वेळा मी ऐकलं ते, 'तू नकोस'. तू म्हणत होतीस, घरी ये.

आता दत्तूला फोन लावून सांगतो: दत्तू, फॅक्सची वाट बघत झेरॉक्सवाल्याकडं थांबू नकोस. आज दुपारच्या गाडीनं निघतोय. जागा नसली तरी जनरलच्या डब्यात उभा राहून येतो. उद्या पुणे, परवा सकाळी आळ्यात. आत्याकडं नाही, आधी तुमच्या दारात. लोकांसमोर वाचायला जमलं तर वाचीन. नाही जमलं तर कागद दुसऱ्या कोणाकडं दे, मी आईंजवळ बसेन.

ताई, आत इंजिन चालू आहे. मी बघत नाहीये.

सोपान